कोरडा आवाज

गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट असे तीन महिने मी एक शीट भरत होतो. नाव होतं 'गिटार प्रोसेसर फायनल'. मग 'फायनल २' झालं. अकरा ओळी, चौदा रकाने. किंमत, वजन, बॅटरीवर चालतो का, हेडफोनची सोय आहे का, मोबाइलवरचं गाणं सोबत लावता येतं का, लूपर किती सेकंदांचा, ट्यूनर, ड्रमचे ठेके, यूएसबीवरून थेट रेकॉर्डिंग वगैरे वगैरे. प्रत्येक रकान्याला वजन दिलेलं, शेवटी एक फॉर्म्युला, त्यातून निघणारा एक आकडा. ऑफिसात डेटाबेस निवडताना जे करतो तेच. आणि डेटाबेस निवडताना जे होतं तेच इथेही झालं: आवडत्या गोष्टीचा आकडा कमी आला की मी वजनं बदलायचो.

या शीटमध्ये एक रकाना नव्हता. त्या तीन महिन्यांत मी प्रत्यक्ष किती तास गिटार वाजवली, हा. तो असता तर बहुतेक आठवड्यांपुढे शून्य लिहावं लागलं असतं.

जे वाजवत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. पोकळ पेटी नाही, नुसतं भरीव लाकूड. तारेखालच्या चुंबकात तयार होणारी अगदी लहानशी वीज अँपमध्ये जाते आणि तिथे तिचा आवाज होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या अँपची गंमत अशी की त्याचा खरा गोडवा व्हॉल्व्हना त्यांच्या ताकदीबाहेर राबवल्यावर येतो, म्हणजे आवाज चांगलाच मोठा केल्यावर. आणि मी राहतो पुण्यात, सातव्या मजल्यावर, वर-खाली-शेजारी माणसं असलेल्या फ्लॅटमध्ये. ऑफिसमधून येऊन जेवण होईपर्यंत दहा वाजतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ४५ डेसिबल म्हणजे हळू आवाजातल्या गप्पाही नीट बसणार नाहीत. नियम राहू द्या, खालच्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ आहे.

म्हणून प्रोसेसर. हाताच्या दोन पंजांएवढी पेटी. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने हेडफोन. आत एक चिप बसलेली असते. ती तारेतून येणाऱ्या विजेचं मोजमाप सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा घेते आणि 'हाच सिग्नल अमुक अँपमधून, तमुक स्पीकरमधून आला असता तर कसा वाटला असता' याचं गणित करून तो आवाज कानात सोडते. हे सगळं काही मिलिसेकंदांत. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मिलिसेकंदांचा उशीर हा अँपपासून एक मीटर लांब उभं राहण्यासारखा. तो कुणाला कळत नाही. ब्लूटूथ हेडफोन लावलेत तर मात्र हाच उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जातो आणि आपण आत्ता वाजवलेलं मागच्या गल्लीतून ऐकू आल्यासारखं होतं. घेणार असाल तर हे एवढं लक्षात ठेवा, बाकी कशाहीपेक्षा महत्त्वाचं आहे: हेडफोन वायरचेच हवेत.

शीट भरण्याच्या काळात मी ज्या प्रश्नात सगळ्यात जास्त अडकलो तो होता 'खरा आवाज' कुठल्या पेटीत आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत तुलनेचे व्हिडिओ. डावीकडे खरा अँप, उजवीकडे त्याची डिजिटल नक्कल, डोळे मिटा आणि ओळखा. मला दहापैकी सहा वेळा ओळखता आलं, म्हणजे नाणं उडवून जेवढं आलं असतं त्याच्या आसपास. तरी मी पुढचा व्हिडिओ लावायचो.

हा प्रश्न सुटला नाही, विरघळला. त्याला कारण इतिहास. रॉक गिटारचा जो फाटका, खरखरीत आवाज आज आपण 'खरा' म्हणतो तो मुळात बिघाड आहे. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सिंग कन्सोलचा एक भाग बिघडला आणि गिटारचा सोलो घोगरा, फाटलेला उमटला. तो तसाच ठेवला गेला. लोकांना आवडला. मग तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी पेटी १९६२ मध्ये बाजारात आली, मॅस्ट्रो फझ-टोन. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिसफॅक्शन'मध्ये ती वाजली. कीथ रिचर्ड्सच्या डोक्यात ती गिटार नव्हतीच. पुढे ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले वाजवतील त्याचा कच्चा आराखडा म्हणून त्याने ती वाजवली होती. म्हणजे एका बिघाडाची नक्कल करणारी पेटी ब्रास सेक्शनची नक्कल करत होती, आणि तो आवाज मूळ ठरला.

मार्शलचंही तेच. ब्रिटिश रॉकचा तो ठेवणीतला आवाज, ज्याची नक्कल प्रत्येक प्रोसेसरमध्ये असते. त्यांचा पहिला अँप लंडनमधल्या जिम मार्शलच्या दुकानात साठच्या दशकाच्या सुरुवातीला बनला आणि त्याचं सर्किट जवळजवळ अमेरिकेच्या फेंडर बासमनचं होतं, कारण अमेरिकी अँप इंग्लंडमध्ये फार महाग पडत. सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते घातले, स्पीकर वेगळे लावले, आणि आवाज बदलला. नकलेत राहिलेला फरक म्हणजेच नवी गोष्ट. मग माझ्या पेटीतल्या नकलेला मी कुठल्या तोंडाने खोटं म्हणणार?

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो टॉम शोल्झ, कारण तो आमच्यातला. एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर, पोलरॉइड कंपनीत नोकरी, आणि नोकरी सांभाळून घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. त्या तळघरातून १९७६ मध्ये 'बॉस्टन' बँडचा पहिला अल्बम निघाला. अमेरिकेत त्याच्या दीड कोटीच्या वर प्रती खपल्या. पुढे त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९८२ मध्ये 'रॉकमन' आणला: वॉकमनसारखा कमरेला लावायचा, हेडफोनवर वाजवायचा गिटार अँप. घरच्या सरावासाठीचाच. आज मी जी पेटी शोधत होतो तिचा आजोबा. आणि गंमत बघा, सरावासाठी काढलेल्या त्या डबीचा आवाज लोकांना इतका आवडला की डेफ लेपर्डच्या १९८७ च्या 'हिस्टेरिया'त तीच गिटारवर वापरली गेली. सराव कुठे संपतो आणि खरं वाजवणं कुठे सुरू होतं, ही रेषासुद्धा तेव्हाच पुसली गेली असावी.

तर नक्कल की अस्सल हा नैतिक प्रश्न नाही, अशा निष्कर्षाला येऊन मी निवांत झालो होतो. शीटमध्ये मन लागेना म्हणून एका मित्राकडचा प्रोसेसर पंधरा दिवसांसाठी उसना आणला. अनेक दिवसांनी रोज वाजवायला लागलो. एक प्रीसेट सापडला: थोडं डिस्टॉर्शन, त्यावर लांबलचक डिले, भरपूर रिव्हर्ब. हॉलमध्ये सोफ्यावर बसून मी कुठल्यातरी मोठ्या दरीच्या तोंडाशी उभा असल्यासारखा वाजवत होतो. फार वर्षांनी वाटलं, अरे, येतंय की आपल्याला.

चौथ्या-पाचव्या रात्री बायको पाणी प्यायला बाहेर आली आणि थोडा वेळ उभी राहिली. मी हेडफोन काढले. तिने विचारलं, "अरे, तू नक्की काय वाजवत होतास?"

मी गाण्याचं नाव सांगितलं. ते तिचं आवडतं गाणं आहे.

"हो? मला वाटलं तू तारा बदलतोयस."

दुसऱ्या रात्री मीच तिला सांगितलं, मोबाइलवर रेकॉर्ड कर. हेडफोनबाहेर जे ऐकू येतं ते, म्हणजे नुसत्या तारांची टिकटिक. मग ऐकलं. दोन मिनिटं दहा सेकंद. गाण्याची चाल ओळखू येत नव्हती हे ठीक, बिनजोडलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तेवढाच असतो. पण लय? ती तर अँपवर अवलंबून नसते. एक सूर लवकर, पुढचा उशिरा, अवघड जागा आली की घाई, सोपी आली की रेंगाळणं. दर चार मात्रांनंतर एक बारीकशी अडखळ, अगदी न चुकता. हाच माणूस काल रात्री दरीच्या तोंडाशी उभा होता.

इंजिनिअर असल्यामुळे याचं स्पष्टीकरण मला लगेच देता आलं, आणि ते दिल्याने अजिबात बरं वाटलं नाही. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नलचा माथा छाटला जातो, त्यामुळे हळू मारलेली आणि जोरात मारलेली तार जवळपास सारख्याच मोठ्याने ऐकू येते. उजव्या हाताचा कमी-जास्तपणा झाकला जातो. रिव्हर्ब सुराचा शेवट पुसट करतो, म्हणजे सूर नेमका कधी सोडला हे कळत नाही. डिले मोकळ्या जागा भरून काढतो, आणि माझ्या चुका तर तिथेच होत्या, दोन सुरांमधल्या जागेत. नॉइज गेट डाव्या हाताची खरखर कापून टाकतो. प्रत्येक इफेक्ट माझ्या एकेका दोषावर पांघरूण घालत होता. रेकॉर्डिंगच्या भाषेत इफेक्ट लावलेल्या आवाजाला ओला म्हणतात आणि न लावलेल्याला कोरडा. मी पंधरा दिवस नखशिखांत भिजलो होतो.

मग हे खोटं झालं का? पेटी तर काही लपवत नव्हती. पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, रिव्हर्ब ४०, डिले ३५. आकडे मीच वाढवले होते. फसवणुकीला एक फसवणारा आणि एक न जाणणारा लागतो. इथे दोघंही मीच, आणि जाणणाराही मीच. कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये दिवे मऊ असतात हे आपल्याला ठाऊक असतं. तरी तिथल्या आरशात बघून आपण शर्ट घेतोच ना.

आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली. आई गाणं शिकलेली आहे, गांधर्वच्या परीक्षा मध्यमेपर्यंत दिलेल्या. तिच्या गुरू बाई विद्यार्थिनींना म्हणायच्या, "बाथरूममध्ये रियाज करू नका. तिथे सगळ्यांचेच आवाज चांगले असतात." जगातला सगळ्यात जुना रिव्हर्ब.

मी म्हटलं, पण तू तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून गातेस, तोही आधारच की. यावर ती जे म्हणाली त्याने माझ्या शीटचे निम्मे रकाने उडाले. ती म्हणाली, "तानपुरा माझ्या शेजारी बसतो रे. माझ्या गळ्यात नाही बसत."

म्हणजे मदत दोन जातींची. एक शेजारी बसणारी: तानपुरा, मेट्रोनोम, तबल्याचं मशीन, ड्रमचा ठेका. ती गोड असते, सोबत करते, पण तुमच्या आवाजाला हात लावत नाही. उलट तुम्ही कुठे हललात ते तिच्यामुळेच उघडं पडतं. दुसरी तुमच्या आवाजावर बसणारी: रिव्हर्ब, डिले, कंप्रेशन. तीही गोडच. पण तिच्यातून बाहेर पडेपर्यंत तुमचं तुमच्याकडे राहिलेलंच नसतं. ऑफिसात हल्ली कोड लिहून देणारी साधनं वापरतो तेव्हाही मला ही वाटणी आठवते. माझ्या कोडमधली चूक दाखवणारं साधन शेजारी बसतं. माझ्या जागी लिहून देणारं गळ्यात बसतं, आणि मग रिव्ह्यूमध्ये कुणी 'ही ओळ का?' विचारलं की मी चाचपडतो.

अर्थात वाटणी इतकी स्वच्छ नाही. माझं निम्मं मन पहिल्यापासून वकिली करत होतं आणि त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. एक तर, आनंद हेही इंधन आहे. कॉलेजमध्ये माझ्याबरोबर चौघांनी अकूस्टिक गिटार घेतली होती. एफ कॉर्डला बोटं सोलवटली आणि तिघांच्या गिटारी कपाटावर गेल्या. त्यांना पहिल्या महिन्यात कुणी दरीच्या तोंडाशी उभं केलं असतं तर कदाचित वाजवत राहिले असते. दुसरं म्हणजे, कोरडा आवाज हेच सत्य, असंही नाही. डिस्टॉर्शन मोठं ठेवलं की न वाजणाऱ्या तारांची बारीकशी थरथरही गुरगुरत वर येते. त्या तळहाताने आणि बोटांनी दाबून धरायच्या असतात, आणि ही विद्या कोरड्यावर शिकताच येत नाही कारण कोरड्यावर ती चूक ऐकूच येत नाही. इलेक्ट्रिक गिटार हे वाद्यच मुळी वायर आणि अँप धरून पूर्ण होतं. बायकोने रेकॉर्ड केलेली टिकटिक ही माझ्या वाजवण्याची पूर्ण हकिकत नव्हती. पण लयीपुरती ती खरी होती, आणि लय हीच माझी दुखरी नस.

आणि मग हेडफोन. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की गुन्हेगार तेच आहेत. पूर्वी लोक उघड्यावर रियाज करायचे, आजूबाजूचे ऐकायचे, चुकलं की कुणीतरी नाक मुरडायचं, आणि आम्ही कानात बोळे घालून स्वतःच्याच प्रेमात. हेही आईला ऐकवलं. या वेळी ती हसली नाही.

लग्नानंतर तिचा रियाज का सुटला हे मला माहीत असल्याचं मी धरून चाललो होतो: संसार, नोकरी, मी. ती म्हणाली तसं नव्हतं. सासरी दोन खोल्या आणि बाहेर सामायिक गॅलरी. पहाटे तानपुऱ्याबरोबर सा लावला की पलीकडच्या घरात खोकला, नळावर कुणीतरी विचारणार, "काय, आज तब्येत बरी नव्हती का? आवाज लागत नव्हता." कुणी रागावलं नाही, कुणी थांबवलं नाही. "पण सगळे ऐकतायत म्हटल्यावर मी येतं तेवढंच गायला लागले," आई म्हणाली. "चुकायचं टाळायला लागले. चुकायचं टाळलं की तो रियाज नसतो रे, कार्यक्रम असतो. रोज पहाटे कार्यक्रम कोण करणार?" दोन वर्षांत तो बंद पडला. थोडं थांबून ती म्हणाली, "तुझ्यासारखे हेडफोन असते तर."

गळ्याला हेडफोन लावता येत नाहीत. फार थोड्या वाद्यांना ही सवलत आहे की वाजवणाऱ्याला भरभरून ऐकू यावं आणि भिंतीपलीकडे काहीच जाऊ नये. ती सवलत मला फुकट मिळालीय आणि मी तिला लबाडी म्हणत होतो. कुणाच्याही कानाआड शंभर वेळा चुकायची मुभा ही चैन नाही, शिकण्याची अटच असावी. फक्त त्या शंभर चुका निदान मला तरी ऐकू यायला हव्यात. हेडफोनने जगापासून लपवलं तर चालेल. रिव्हर्बने माझ्यापासून लपवलं की मात्र त्या खोलीत चूक ऐकणारं कुणीच उरत नाही.

यानंतर खरेदी अर्ध्या तासात झाली. अँपच्या नकला किती, हा रकाना पुसला. मला दोन पुरतात. आवाज किती हुबेहूब, हाही पुसला. उरल्या त्या शेजारी बसणाऱ्या गोष्टी: ट्यूनर, ड्रमचे ठेके, लूपर, मोबाइल जोडायची सोय, हेडफोन. यादीतला जवळपास सगळ्यात स्वस्त, झूमचा जी-वन फोर, या सगळ्याला पुरून उरला. चार पेन्सिल सेलवर चालतो, तीस सेकंदांचा लूपर आहे, आणि ठेके माझ्या आयुष्यभरासाठी पुरतील एवढे. बॉसचा जीटी-वन शीटमध्ये वर होता, आणि यूएसबीवरून रेकॉर्डिंग करायचं असेल तर तुम्ही तोच बघा. मला रेकॉर्डिंग करायचं नव्हतं. निदान अजून तरी.

लूपर ही यातली सगळ्यात निर्दय गोष्ट. पायाने बटण दाबा, आठ मात्रा वाजवा, परत दाबा. पेटी तुमचंच वाजवणं तुम्हाला पुन्हा-पुन्हा ऐकवत राहते. चौथ्या मात्रेवरची अडखळ दर फेरीला त्याच जागी येते. तिच्यावर पुढचं वाजवायला गेलं की आपणच आपल्याला पाय अडकवून पाडतो. मी पहिली वीस मिनिटं सगळे इफेक्ट बंद ठेवून हेच करतो. म्हणजे ठरवलंय तसं. गुरुवारी ऑफिसचं रिलीज असतं, त्या रात्री डोकं बधिर झालेलं असतं आणि मी सरळ डिले लावून अर्धा तास दरीत उतरतो. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

दिवाळीत आई आली होती. रात्री जेवणं झाल्यावर मी तिच्या कानाला हेडफोन लावले आणि तो जुना प्रीसेट वाजवून दाखवला. तिने डोळे मिटून ऐकलं. "छान वाटतंय रे, देवळात बसल्यासारखं," ती म्हणाली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "आता वाजव."

"आई, असं काही ऐकू नाही येत."

"येतं. वाजव तू."

मी वाजवायला लागलो. टिकटिक, टिकटिक. ती मांडीवर हाताने मात्रा धरत होती. बायको दाराशी येऊन उभी राहिली. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत आईचा हात मध्येच थांबला.

"इथे," ती म्हणाली. "परत घे."